स्लॅक: बारा जणांच्या कंपनीत रुळतं, साठ जणांत बिघडतं, ते का

स्लॅक म्हणजे कंपनीतलं बोलणं विषयवार 'चॅनल'मध्ये, म्हणजे गटांत, चालवणारं चॅट अ‍ॅप. बारा-पंधरा जणांच्या कंपनीला ते फुकट मिळतं, पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना आवडतं, आणि मग दीड-दोन वर्षं त्याच्या सेटिंग्जकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तेवढ्यात माणसं साठ होतात. जेवणाच्या टेबलावर "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" हे वाक्य ऐकू यायला लागतं आणि त्याचं खापर नव्या मॅनेजरांवर, एचआरवर, नाहीतर नव्या भरतीवर फुटतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा बदल स्लॅकच्या अ‍ॅडमिनच्या पानावर आकड्यांत दिसत असतो: बोलणं चॅनलमधून उठून खासगी मेसेजमध्ये गेलेलं असतं.

वाढत्या कंपनीने स्लॅक घ्यावं का, या प्रश्नाचं आमचं उत्तर 'हो' असं आहे, आणि तेही पैसे भरून. मात्र स्लॅकच्या मूळ सेटिंग्ज लहान टीमच्या सोयीच्या आहेत. कंपनी मोठी झाली की त्या हाताने बदलाव्या लागतात, आणि कोणत्या कधी बदलायच्या हे स्लॅक सांगत नाही. ते इथे सांगतो.

स्लॅकचा जन्म पाहिला की हे नीट कळतं. टायनी स्पेक नावाची एक छोटी कंपनी 'ग्लिच' हा ऑनलाइन खेळ बनवत होती. खेळ चालला नाही, २०१२ च्या अखेरीस बंद झाला. तो बनवताना टीमने आपापसात बोलण्यासाठी जे साधन उभं केलं होतं, तेच २०१३ मध्ये स्लॅक म्हणून जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते २७.७ अब्ज डॉलरला विकत घेतलं. म्हणजे हे एका लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या टीमच्या सवयींतून आलेलं साधन आहे. कोणीही चॅनल उघडावं, कोणीही सगळ्यांना एकदम हाक मारावी, सगळं सगळ्यांना दिसावं, हा त्याचा मूळ स्वभाव. बारा जणांत तो स्वभाव लाख मोलाचा असतो.

व्हॉट्सअ‍ॅप सोडायचं कधी

आपल्याकडे बहुतेक कंपन्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सुरू होतात. सहा-सात जण असेपर्यंत त्यात काही वावगं नाही. अडचण माणूस सोडून जातो तेव्हा कळते. त्याला प्रत्येक ग्रुपमधून एकेक करून काढावं लागतं, एखादा ग्रुप राहून जातो, आणि काढल्यावरही आधीचे मेसेज, क्लायंटच्या फायली, पासवर्डसुद्धा त्याच्या फोनमध्ये तसेच राहतात. नवा माणूस आला की उलटी अडचण. त्याला मागचं काही आपोआप दिसत नाही, म्हणून तो तेच प्रश्न पुन्हा विचारतो आणि जुन्या लोकांना तो 'ढ' वाटायला लागतो. स्लॅकच्या खुल्या चॅनलमध्ये नव्या माणसाला आधीचा सगळा संवाद वाचता येतो. कोणी काय का ठरवलं, कोण कोणाशी कसं बोलतं, कुठे थट्टा चालते आणि कुठे नाही, हे तो न विचारता शिकतो. कंपनीचं वातावरण नव्या माणसात उतरण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

हा फायदा फुकटच्या प्लॅनमध्ये अर्धाच मिळतो. सप्टेंबर २०२२ पासून फुकटच्या प्लॅनमध्ये फक्त शेवटच्या ९० दिवसांचे मेसेज आणि फायली दिसतात. ऑगस्ट २०२४ पासून एक वर्षाहून जुना मजकूर कायमचा पुसायला स्लॅकने सुरुवात केली. बाहेरची अ‍ॅप फक्त १० जोडता येतात आणि हडल, म्हणजे झटपट आवाजी बोलणं, दोघांतच होतं. पैसे भरले की ९० दिवसांपलीकडचं पण वर्षाच्या आतलं परत दिसायला लागतं. वर्षाबाहेरचं गेलं ते गेलं.

९० दिवसांची ही मर्यादा बहुतेकांना 'जुने मेसेज कोण बघतंय' या सदरातली वाटते. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची असते, समिती सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते, आणि चौकशीला त्यापुढे ९० दिवस असतात. हे सगळं जोडून पाहा. तक्रार शेवटच्या दिवशी आली आणि त्रासदायक मेसेज फुकटच्या स्लॅकवर असतील, तर समिती बसेपर्यंत ते पडद्यावरून गेलेले असतात. म्हणून दहावा माणूस रुजू होतो त्या महिन्यात प्रो, म्हणजे पैसे भरायचा सगळ्यात खालचा, प्लॅन घ्यावा. तेवढं परवडत नसेल तर तक्रार आली त्याच दिवशी घ्यावा. त्याचबरोबर मेसेज कोण पुसू शकतो आणि पाठवल्यावर किती वेळ बदलू शकतो, ही परवानगी अ‍ॅडमिनच्या सेटिंग्जमध्ये आटोक्यात आणावी. पुसण्याची मुभा सगळ्यांना असेल तर इतिहास ठेवून उपयोग नाही. समितीचं कामकाज मात्र स्लॅकवर चालवू नये. तक्रार लेखी घ्यावी, सुनावणीच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

पंचवीस ते साठ: सगळ्यात अवघड टप्पा

इथे जास्त वेळ थांबायला हवं, कारण बिघाड याच टप्प्यात होतो आणि तो कोणी मुद्दाम करत नाही.

बारा जणांत दोघा-दोघांच्या जोड्या ६६ होतात. चाळीस जणांत ७८०. १२० जणांत ७,१४०. बारा जणांत कोणाला काय माहीत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, चाळीस जणांत ते कोणालाच ठाऊक नसतं. मग माणूस चॅनलमध्ये विचारायच्या ऐवजी ज्याला माहीत असेल असं वाटतं त्याला थेट मेसेज टाकतो. चॅनलमध्ये चाळीस लोक बघत असतात, साधा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. नव्याला तर फारच. जुन्यांना वाटतं, उगाच सगळ्यांना कशाला त्रास. दोन्हीकडून सदिच्छाच असते आणि सहा महिन्यांत चॅनल ओस पडतात.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. क्लायंटने शुक्रवारचं रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, बुधवारी मागितलं. प्रोजेक्ट लीडने दोन डेव्हलपरना खासगी मेसेज केला, दोघे 'ओके' म्हणाले. टेस्टिंगवाली तीन टेबलं सोडून बसते, तिला कोणी सांगितलं नाही. सपोर्टच्या मुलांना बुधवारी सकाळी क्लायंटच्या फोनवरूनच कळलं. पंधरा जण असताना हेच बोलणं शेजारून कानावर पडलं असतं, आणि स्लॅकवर असतं तरी एकाच चॅनलमध्ये दिसलं असतं. आता टेस्टिंगवालीला वाटतं आपल्याला मोजत नाहीत, सपोर्टवाल्यांना वाटतं ही टीम आपल्यापासून लपवते. दोन-चार रिलीज असे गेले की टीमा टीमांत 'ते' आणि 'आपण' सुरू होतं. याला मग लोक राजकारण म्हणतात.

उपाय भाषणाने होत नाही, नियमाने होतो. ठरलेली गोष्ट प्रोजेक्टच्या खुल्या चॅनलमध्ये चार ओळींत लिहायची: काय ठरलं, कोणी ठरवलं, का, आणि कधीपासून. पहिला शब्द नेहमी 'निर्णय' असा ठेवायचा आणि सगळ्यांनी तो एकाच स्पेलिंगने लिहायचा. हे किरकोळ वाटेल, पण स्लॅकचं शोधयंत्र अक्षरं जुळवतं. आपले लोक मराठी रोमन लिपीत टाइप करतात आणि 'झालं' हा एक शब्द चार जण चार प्रकारे लिहितात. सहा महिन्यांनी 'पेमेंट गेटवे बदलायचं झालं का' ते संभाषण शोधायला जा, सापडत नाही. ठरलेला एक शब्द, क्लायंटचं नाव आणि महिना, एवढ्यावर सापडतं.

थ्रेडची एक खोड इथेच सांगून ठेवतो. मेसेजखाली थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच मेसेजच्या उत्तरांच्या साखळीत, चर्चा होते, तिथेच निर्णय होतो, आणि थ्रेडमध्ये नसलेल्यांना तो दिसत नाही. उत्तर लिहिताना खाली 'चॅनलमध्येही पाठवा' अशी चौकट असते. निर्णयाच्या मेसेजला ती टिक करायची. बाकी चर्चा थ्रेडमध्येच राहू द्यायची. हडलवर तोंडी ठरलं असेल तर ज्याने हडल बोलावलं त्यानेच ते लिहायचं, 'कोणीतरी लिहा' म्हणायचं नाही.

या टप्प्यात खासगी चॅनलही भराभर उगवतात. पगार, अप्रेझल, भरतीचे उमेदवार, अंतर्गत समिती, वकिलांशी बोलणं, क्लायंटने गुप्ततेचा करार केलेलं काम, एवढ्यांना कुलूप हवं. 'लीड्सचं चॅनल' उघडण्याआधी मात्र दहादा विचार करावा. ते उघडलं की प्रत्येक खुल्या चर्चेचा शेवट 'यावर आम्ही बोलून घेतो' असा व्हायला लागतो आणि बाकीचे चर्चेत भाग घेणंच सोडतात. लीड्सना वेगळं बोलायची गरज खरी असते, ती आठवड्याच्या बैठकीत भागवावी आणि जे ठरलं ते खुल्या चॅनलमध्ये लिहावं. ग्रुप मेसेजबद्दलही हेच. त्यात तुमच्यासह नऊ जण मावतात आणि नऊ जण म्हणजे अख्खी टीम. त्याला नाव नसतं, तो यादीत कोणाला दिसत नाही, नवा माणूस स्वतःहून त्यात येऊ शकत नाही. तीनपेक्षा जास्त जणांचं बोलणं दोन दिवस चाललं तर त्याचं चॅनल करावं.

चॅनलच्या नावांना पद्धत चाळीस जणांच्या आतच लावून टाकावी. नंतर लावायची म्हणजे दोनशे चॅनलांची नावं बदलायची. नावाच्या आधी प्रकार लिहायचा: प्रोजेक्टचं, टीमचं, मदतीचं, गप्पांचं. नावं छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही, जोडायला आडवी रेघ. 'मदत'वाली चॅनल सगळ्यात कामाची ठरतात. मदत-आयटी, मदत-एचआर, मदत-अकाउंट्स अशी तीन असली तरी 'फॉर्म १६ कधी मिळणार' हा प्रश्न एकदाच विचारला जातो आणि उत्तर सगळ्यांना दिसतं. अकाउंट्सच्या माणसाला तीस जणांचे तीस खासगी मेसेज येत नाहीत, हा त्याच्यावर उपकारच. दोन-तीन महिने हालचाल नसलेली चॅनल आर्काइव्ह करावीत. त्यांतले मेसेज शोधात सापडत राहतात, लागलं तर चॅनल परत उघडता येतं, त्यामुळे हात आखडता घ्यायचं कारण नाही.

आणि सुरुवातीला म्हटलेला तो अ‍ॅडमिनच्या पानावरचा आकडा. पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये अ‍ॅनालिटिक्सच्या पानावर खुल्या चॅनलमध्ये किती टक्के मेसेज गेले, खासगी चॅनलमध्ये किती आणि थेट मेसेजमध्ये किती, हे दिसतं. अमुक इतके टक्के चांगले असा दंडक नाही. सेल्सच्या कंपनीत थेट मेसेज जास्त असणारच. पण दर तीन महिन्यांनी तो लिहून ठेवावा. खुल्या चॅनलचा वाटा दोन तिमाही सलग घसरला तर कारण शोधावं. बहुतेकदा एखादा लीड खुल्या चॅनलमध्ये विचारणाऱ्याला सगळ्यांसमोर तिरकं उत्तर देतो, असं निघतं. ते एकदा झालं तरी त्या टीममधली चार जणं पुढचं वर्षभर चॅनलमध्ये तोंड उघडत नाहीत. अशा लीडशी बोलणं हे स्लॅकच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. तो आकडा फक्त बोट कुठे ठेवायचं ते दाखवतो. माणसांच्या पाळतीसाठी तो वापरला, कोण किती मेसेज टाकतो याची यादी अप्रेझलला काढली, तर लोक मेसेजची संख्या वाढवतील आणि कामाचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर नेतील.

मालकाचा मेसेज जड होतो

पंधरा जणांत संस्थापकाने रात्री अकराला "याचं काय झालं?" असं टाकलं तर तो प्रश्न असतो. १२० जणांत तोच मेसेज आदेश होतो. ज्याला विचारलं तो तर उठून बसतोच, त्याचा लीड, लीडचा मॅनेजर, शेजारच्या टीमचा लीड असे सात जण हातातलं काम टाकून त्याच्या मागे लागतात. मेसेज तोच, लिहिणारा तोच, बदलली फक्त ऐकणाऱ्यांची संख्या. संस्थापकांना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांच्या मनात ते अजून बारा जणांच्या खोलीतच बोलत असतात.

स्लॅकने इथे चांगली सोय दिली आहे. मेसेज लिहून सकाळी साडेनऊला जाईल असा लावून ठेवता येतो. पाठवायच्या बटणाशेजारचा बाण दाबला की वेळ विचारतो. कंपनीपुरती 'व्यत्यय नको'ची मूळ वेळ रात्री १० ते सकाळी ८ अशी असते. अ‍ॅडमिनला ती बदलता येते आणि प्रत्येकाला आपली वेगळी ठेवता येते. या वेळेत थेट मेसेज आला तर सूचना वाजत नाही, मात्र पाठवणाऱ्याला 'तरीही कळवा' असा पर्याय दिसतो. तो कधी वापरायचा हे लिहून ठेवावं: सर्व्हर पडला, क्लायंटचं काम थांबलं, कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. यापलीकडे नाही.

अमेरिकी क्लायंट असलेल्या पुण्यातल्या टीमांना हे दुप्पट लागू. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं. तिकडे संध्याकाळी पाचला घरी निघताना टाकलेला मेसेज इकडे पहाटे अडीच किंवा साडेतीनला येतो. स्लॅक कनेक्टने क्लायंट तुमच्या चॅनलमध्ये थेट येतो, काम सोपं होतं, आणि त्याच वेळी रात्रीचा उंबरठा नाहीसा होतो. क्लायंटच्या चॅनलच्या विषयाच्या ओळीत आपले कामाचे तास दोन्ही घड्याळांनुसार लिहावेत आणि तातडीसाठी एक वेगळा फोन नंबर द्यावा. तातडीच्या फोनला पाळी लावावी आणि त्या आठवड्याचं नाव चॅनलमध्ये पिन करावं. हे केलं नाही तर जो सगळ्यात भिडस्त असतो तोच रोज पहाटे उत्तर देत राहतो आणि आठ महिन्यांनी राजीनामा देतो.

सगळ्यांना हाक मारणारे '@चॅनल' आणि '@हिअर' हे दोन शब्द साठ जणांनंतर मोजक्यांच्याच हातात ठेवावेत. '@चॅनल' ऑफलाइन असलेल्यांनाही सूचना पाठवतो, '@हिअर' फक्त त्या वेळी ऑनलाइन असलेल्यांना. चॅनलमध्ये माणसं जास्त असली की स्लॅक एकदा इशारा देतो, पण तो वाचतो कोण. त्यापेक्षा टीमनिहाय गट करावेत, 'टेस्टिंग' म्हटलं की टेस्टिंगच्या सहा जणांनाच जाईल असे. ही सोय फक्त पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये आहे.

'जनरल' चॅनलमधून कोणाला बाहेर पडता येत नाही, म्हणून तिथे लिहिण्याचा हक्क शंभरीच्या आसपास मर्यादित करावा. पगाराची तारीख, सुट्ट्यांची यादी, नव्या माणसाची ओळख, एवढंच तिथे. वाढदिवस, क्रिकेट, भाड्याची खोली, जुनी बाइक विकायची, यांना दुसरं चॅनल द्यावं. काही कंपन्या शिस्त म्हणून गप्पांची चॅनलच बंद करतात, तसं करू नये. डेक्कनला राहणारा अकाउंट्सचा माणूस आणि हिंजवडीतला डेव्हलपर यांची ओळख ट्रेकच्या चॅनलमध्ये होते, आणि मार्चअखेरीस बिल अडकलं की तीच ओळख कामाला येते. त्या चॅनलमध्ये मॅनेजरांनी कामाचा विषय काढू नये, एवढं पथ्य पुरे.

इमोजीचे दोन अर्थ कंपनीभर ठरवून टाकावेत. डोळ्यांचा म्हणजे 'मी बघतोय', हिरव्या टिकेचा म्हणजे 'झालं'. यामुळे 'कोणी बघतंय का', 'हो बघतोय', 'झालं का', 'झालं' हे चार मेसेज वाचतात. शंभर जणांच्या कंपनीत मदतीच्या चॅनलला याने केवढा फरक पडतो ते करूनच पाहावं.

शंभरीनंतर: किल्ल्या कोणाकडे

स्लॅकची जागा पहिल्यांदा ज्याने उघडली तो तिचा प्रमुख मालक असतो. लहान कंपनीत तो कधी इंटर्न असतो, कधी पहिला डेव्हलपर, आणि जीमेलच्या खासगी पत्त्यावरून उघडलेलं असतं. तो नोकरी सोडायच्या आत मालकी कंपनीच्या पत्त्यावर हलवावी. दोन-तीन अ‍ॅडमिन असावेत, त्यातला एक एचआरचा.

माणूस जाताना त्याचं खातं बंद करायचं असतं. त्याचे चॅनलमधले मेसेज आणि फायली तशाच राहतात, हे छान. त्याने खासगी मेसेजमध्ये जे काम चालवलं होतं ते मात्र त्याच्या जागी आलेल्याला दिसत नाही. दुसरी भानगड म्हणजे त्याने जोडलेली अ‍ॅप खातं बंद होताच थांबू शकतात. सर्व्हर पडल्याची सूचना देणारं जोडकाम गेलेल्या माणसाच्या नावावर होतं आणि तीन आठवड्यांनी रात्री कळलं, असं होऊ द्यायचं नसेल तर नोटीस पिरियडच्या यादीत 'स्लॅकची अ‍ॅप दुसऱ्याच्या नावावर केली' ही ओळ हवी. शंभरच्या पुढे हे हाताने सांभाळणं कठीण जातं. तिथे एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश देणारी सोय लागते आणि ती प्रोच्या वरच्या बिझनेस प्लस प्लॅनपासून मिळते.

'मालक आपले खासगी मेसेज वाचतो का', ही शंका मोठ्या होणाऱ्या प्रत्येक कंपनीत कुजबुजली जाते, आणि ती न मिटल्यामुळे माणसं जपून बोलायला लागतात. वस्तुस्थिती अशी. फुकट आणि प्रो प्लॅनमध्ये मालकाला फक्त खुल्या चॅनलचे मेसेज फाइल म्हणून काढून घेता येतात. खासगी बोलणं हवं असेल तर स्लॅककडे वेगळा अर्ज लागतो आणि त्यासाठी कायदेशीर कारण किंवा संमती दाखवावी लागते. बिझनेस प्लसमध्ये सगळं काढायची सोय अर्ज करून मिळू शकते. यातल्या कुठल्याच प्लॅनमध्ये अ‍ॅडमिन बसल्या जागी कोणाचा खासगी मेसेज उघडून वाचू शकत नाही. कंपनीने प्लॅन बदलला की त्याच दिवशी हे सगळ्यांना लेखी सांगावं: कोण काढू शकतो, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या सहीने. लपवून केलेला बदल दुसरीकडून कळला तर जो विश्वास जातो तो परत येत नाही.

पैसे, आणि न जमणाऱ्या गोष्टी

दर माणशी दरमहा असतो आणि वर्षाचे एकदम भरले तर कमी पडतो. दर बदलत असतात, घेताना स्लॅकच्या पानावर पाहावेत. हिशेबात तीन गोष्टी धराव्यात. एक, काहींसाठी पैसे आणि बाकीचे फुकट असं चालत नाही, सगळ्या सदस्यांचे भरावे लागतात. दोन, जो खूप दिवस स्लॅक उघडतच नाही त्याचे पैसे खात्यात जमा म्हणून परत येतात. तीन, बाहेरच्या फ्रीलान्सरला एकाच चॅनलपुरता पाहुणा केला तर त्याचे पैसे लागत नाहीत, प्रत्येक पैसे भरलेल्या सदस्यामागे असे पाच चालतात. त्याला दुसरं चॅनल दिलं की तो पूर्ण दराने मोजला जातो. सीए, डिझायनर, कंत्राटी टेस्टर यांना चॅनल देताना हे नेहमी चुकतं आणि बिल फुगतं.

स्लॅक कागदपत्रं ठेवायची जागा नाही. कॅनव्हास नावाची लिहायची पाटी त्यात आली आहे, नव्या माणसाच्या पहिल्या पंधरवड्याची यादी ठेवायला ती पुरते, पण रजेची नियमावली आणि क्लायंटचे करार दुसरीकडेच ठेवावेत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी चाळीस चॅनलमध्ये ढकलू नये. आपोआप जोडायची चॅनल पाच-सहाच ठेवावीत, बाकीची त्याच्या सोबत्याने पहिल्या दोन आठवड्यांत कामापुरती दाखवावीत. मराठीत इंटरफेस नाही. मेसेज देवनागरीत लिहिता येतात आणि तसं लिहिलेलं शोधायलाही बरं पडतं, म्हणून मराठीत बोलणाऱ्या टीमांनी निदान निर्णय तरी देवनागरीत लिहावेत.

मायक्रोसॉफ्टचं ऑफिस आधीपासून सगळ्यांकडे असेल तर टीम्स वेगळे पैसे न मोजता मिळू शकतं, आणि बैठकांवर चालणाऱ्या कंपनीला ते पुरतं. झोहोची बाकीची साधनं वापरणाऱ्यांनी झोहोचंच चॅट अ‍ॅप क्लिक (Cliq) आधी पाहावं. सगळा मजकूर आपल्याच सर्व्हरवर ठेवायची अट असेल तर मॅटरमोस्ट, पण ते सांभाळायला एक माणूस लागतो. या तिन्हींतही वर सांगितलेलं बहुतेक लागू पडतं. खुल्या चॅनलमध्ये लिहायची सवय मात्र स्लॅकमध्ये सगळ्यात लवकर लागते, कारण त्याची मांडणीच तशी आहे.

ज्या कंपनीतली निम्मी माणसं टेबलावर बसत नाहीत तिने स्लॅक घेऊ नये. चाकणच्या एखाद्या कारखान्यात ऑफिसचे चाळीस आणि शॉप फ्लोअरचे दीडशे असतील, तर दीडशे जणांना ईमेल पत्ता देऊन, फोनवर स्लॅक घालून काही साधत नाही. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये असतो. अशा ठिकाणी फक्त ऑफिसला स्लॅक दिलं तर ऑफिस आणि फ्लोअर यांतली दरी उलट रुंदावते, कारण सगळ्या बातम्या आधी ऑफिसला कळतात. तिथे शिफ्ट बदलताना पाच मिनिटांचं तोंडी सांगणं आणि मराठीतली सूचना फलकावर, आणि ऑफिसच्या चॅनलमध्ये तीच सूचना फलकावर लागल्यानंतरच टाकायची.